आकाशगंगेचा इतिहास आणि सह्याद्रीचा अंधार

एप्रिल-मे महिन्यांतील निरभ्र, चंद्रहीन रात्री साताऱ्याच्या कास पठारावरून दक्षिणेकडे पाहिल्यास नरतुरंग तारकासमूहात एक धूसर ठिपका दिसतो. ओमेगा सेंटॉरी हा तो तारकागुच्छ. सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे अंतरावरील या गुच्छात जवळपास एक कोटी तारे आहेत. आपली आकाशगंगा कशी घडली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा या ठिपक्यात दडलेला आहे.

तारकागुच्छातील तारे साधारणतः एकाच सुमारास जन्म घेतात, त्यामुळे गुच्छाचे वय ठरविता येते. कृत्तिकांचे वय जेमतेम दहा कोटी वर्षे, तर बहुतेक गोलाकार गुच्छांचे दहा अब्ज वर्षांहून अधिक. ओमेगा सेंटॉरी मात्र या नियमात बसत नाही. त्यात निरनिराळ्या पिढ्यांचे आणि भिन्न रासायनिक घडणीचे तारे आढळतात. म्हणूनच तो आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्याच्या केंद्रात सूर्याच्या किमान ८,२०० पट वस्तुमानाचे कृष्णविवर असल्याचे पुरावे २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून पुढे आले आणि या मताला बळ मिळाले.

हे उदाहरण एकटे नाही. सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी बटू दीर्घिका आकाशगंगेत विलीन झाल्याचे २०१८ मध्ये ‘गाया’ उपग्रहाच्या नोंदींवरून स्पष्ट झाले. या संशोधनात महाराष्ट्रही मागे नाही. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ वेधशाळेच्या साह्याने पुण्याच्या ‘आयुका’तील कनक साहा यांचा सहभाग असलेल्या संघाने दूरच्या ११ बटू दीर्घिकांचा अभ्यास केला. त्यांच्या बाहेरच्या कडेवर नवे तारकापुंज जन्मतात आणि हळूहळू केंद्राकडे सरकतात, असा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दीर्घिका कशा वाढतात, हे त्यातून उलगडते.

उपग्रहांना गावच्या दिव्यांची बाधा नाही. सामान्य माणसाच्या डोळ्यांना मात्र ती आहे. शहरी उजेडात ओमेगा सेंटॉरी हरवतो. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला, त्यासाठी तेथील गावांतील पथदिव्यांचा उजेड जमिनीकडे वळविण्यात आला. साताऱ्यातील कोयना आणि सांगलीच्या सीमेवरील चांदोली सामावून घेणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प याबाबत अधिक भाग्यवान आहे. पेंचहून ओमेगा सेंटॉरी क्षितिजापासून जास्तीत जास्त २१ अंश वर येतो. कोयनेहून सुमारे २५ अंश. डोंगराळ प्रदेशात हे चार अंश मोलाचे ठरतात.

कास, कोयना आणि चांदोली यांचा २०१२ पासून जागतिक वारशात समावेश आहे. फुलांचे आणि जंगलाचे रक्षण करताना तेथील रात्रीचाही विचार व्हायला हवा. पर्यटनासोबत निवास, उपाहारगृहे आणि रस्ते येतात, त्यांच्यामागोमाग दिवेही. दिव्यांना झाकण घालणे किंवा मध्यरात्रीनंतर अनावश्यक दिवे मालवणे, यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. वन विभाग आणि ग्रामपंचायती यांनी दिवे लागण्यापूर्वीच नियम ठरविले, तरच आकाशगंगेच्या जन्मकथेचा हा दुवा इथल्या मुलांना नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल.