सोप्या नाचाला कमी लेखू नका

स्कॉटलंडच्या 'कंट्री डान्स'मधला 'डॅशिंग व्हाइट सार्जंट' हा नाच पाहा. तिघे जण हात धरून दुसऱ्या तिघांसमोर उभे राहतात. सहा जणांचं रिंगण आधी डावीकडे, मग उजवीकडे फिरतं. मधला माणूस दोन्ही बाजूंच्या जोडीदारांबरोबर आळीपाळीने गिरकी घेतो. मग तिघे इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या वाटेने एकमेकांभोवती फिरतात. शेवटी समोरच्या तिघांना ओलांडून पुढच्या तिघांपुढे जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहा मिनिटांत निम्म्या हॉलशी तुमचा हात मिळवून झालेला असतो!

असे नाच म्हणजे नवशिक्यांचा खेळ, असं काही मुरलेल्या मंडळींना वाटतं. मला हे पटत नाही.

1923 साली ग्लासगोत जीन मिलिगन आणि इसोबेल स्टुअर्ट यांच्या पुढाकाराने या नाचांसाठी संस्था स्थापन झाली. मिलिगन स्वतः शिक्षिका घडवणाऱ्या शिक्षिका होत्या. पाऊल कसं पडावं, हात कधी द्यावा, यावर त्यांचा कटाक्ष असे. ही शिस्त हवीच, तिच्यामुळे कितीतरी नाच टिकले. पण शिस्त हीच प्रवेशाची अट झाली, तर दार कोणासाठी उघडं राहणार?

'स्ट्रिप द विलो'मध्ये एक बाई पुरुषांच्या रांगेतून खाली जाते. एक गिरकी समोरच्या पुरुषाबरोबर, एक आपल्या जोडीदाराबरोबर, असं शेवटपर्यंत. मग जोडीदार बायकांच्या रांगेतून तसाच जातो. चक्कर येते, चुकतं, हसू फुटतं. पण पुढचा हात तयारच असतो, तो तुम्हाला ओढून घेतो. इथे चुकलेल्याला कोणी बाजूला बसवत नाही.

स्कॉटलंडमधली शाळकरी मुलं नाताळच्या पार्टीआधी व्यायामाच्या तासाला असे नाच शिकतात. त्यातली बहुतेक पुढे कुठल्याही नृत्यवर्गाला जात नाहीत. तरी मोठेपणी एखाद्या लग्नात सूर वाजले की तीच माणसं बिनधास्त उठतात. अवघड नाचाला हे भाग्य क्वचितच लाभतं.

शिकवण्याच्या धंद्यात असल्याने मला एवढं कळतं, की सोपा धडा हा कमी प्रतीचा धडा नसतो. कोपऱ्यात बसलेलं मूल त्याच धड्याला हात वर करतं. म्हणून प्रत्येक मैफलीत सगळ्यांना जमेल असा एक नाच असावा, आणि जाणकारांनी त्यात मनापासून उतरावं. ज्या रिंगणात नवा माणूस शिरू शकत नाही, ते रिंगण वर्षागणिक लहानच होत जातं.