फाटकावरच्या माणसाचा मालक कोण?

नाशिकच्या बेकार तरुणाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : "काहीच नाही मिळाले, तर सिक्युरिटीत तरी लागेन." या 'तरी'मध्ये आजच्या कामगारजीवनाचा फार मोठा भाग सामावलेला आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, सिन्नर आणि गोंद्याचे कारखाने, शहरातील रुग्णालये, बँका, महाविद्यालये, नवनवी गृहसंकुले या सर्वांच्या फाटकांवर रात्रंदिवस माणसे उभी आहेत. त्यांच्या नोंदवहीत सही झाल्यावाचून मालमोटार आत येत नाही की बाहेर जात नाही. तरीही हा माणूस कोणाचा कामगार, हा साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो विचारला जाऊ नये याची व्यवस्था त्याच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, अर्ज आणि मुलाखतीच्या टेबलावरच करून ठेवलेली असते. म्हणून सुरक्षा रक्षकांच्या लढ्याची सुरुवात त्या टेबलापासूनच व्हावयास हवी, असे आमचे म्हणणे आहे.

या टेबलासमोर कोण येऊन बसतो? सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील आदिवासी कुटुंबातला मुलगा येतो. कांद्याच्या भावाने कंबर मोडलेल्या शेतकऱ्याचा मुलगा निफाड-येवल्याकडून येतो. बंद पडलेल्या कारखान्यातला पन्नाशीचा कामगार येतो. सैन्यातून निवृत्त झालेला जवान येतो. पहाटे मैदानावर धावून पोलीस भरतीची तयारी करणारा तरुणही येतो. २०२४ च्या राज्य पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे पावणेअठरा लाख अर्ज आले होते. एका जागेमागे शंभर उमेदवार! उरलेल्या नव्व्याण्णवांपैकी कित्येकांनी एका खाकीचे स्वप्न पाहिले आणि दुसऱ्याच रंगाचा गणवेश अंगावर चढविला.

आता मुलाखत कशी होते ते पाहावे. ज्या कारखान्याचे रक्षण करावयाचे, त्या कारखान्याचा कोणीही तेथे हजर नसतो. एजन्सीचा फील्ड ऑफिसर उमेदवाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो : उंची किती? बारा तास उभे राहाल का? रात्रपाळी चालेल का? पेरणीच्या दिवसांत गावी तर पळणार नाही ना? रिलिव्हर आला नाही तर डबल ड्यूटी कराल ना? उमेदवार सर्वांना 'हो' म्हणतो. मग गणवेश, बूट, पट्टा यांचे पैसे पहिल्या पगारातून कापले जातील असे त्याला सांगण्यात येते. कोठे मूळ प्रमाणपत्रे 'जमा' करून घेतली जातात, कोठे कोऱ्या कागदावर सही. उद्या अमुक 'पॉइंट'वर जा, इतकेच त्याला तोंडी कळते. नेमणुकीचे पत्र मागण्याचे धैर्य शंभरांत एखाद्यालाच होते आणि त्या एखाद्याला बहुधा पॉइंट मिळत नाही.

या मुलाखतीत कायदा कोठे आहे? कायदे नाहीत असे मुळीच नाही. खाजगी सुरक्षा एजन्सींच्या नियमनाचा केंद्रीय कायदा २००५ साली झाला. परवान्याशिवाय एजन्सी चालविता येत नाही; रक्षकाला प्रशिक्षण मिळेल हे पाहण्याची जबाबदारी एजन्सीवर आहे; रक्षकांची नावे, छायाचित्रे आणि पगार यांची नोंदवही तिने ठेवली पाहिजे; प्रत्येकास छायाचित्रासह ओळखपत्र दिले पाहिजे. २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांनी नव्या रक्षकासाठी १०० तासांचे वर्गातील आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले. पुरुषाची उंची १६० सेंटिमीटर, स्त्रीची १५०, सहा मिनिटांत एक किलोमीटर धावणे, अशा कसोट्याही ठरविल्या. यांपैकी उंची तेवढी त्या टेबलावर न चुकता मोजली जाते. उमेदवाराने काय द्यावयाचे ते काटेकोर, आणि त्याला काय मिळावयाचे ते मोघम! १६० तासांचे प्रशिक्षण पुष्कळदा जुन्या रक्षकाबरोबर एक रात्र काढण्यात आटोपते.

महाराष्ट्राला मात्र २००५ ची वाट पाहावी लागली नव्हती. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली या राज्याने जो कायदा केला, त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन व कल्याण यांचा कायदा झाला. त्यामागील विचार अत्यंत सरळ होता. रक्षक आणि मालक यांच्यामध्ये नफा खाणारा कंत्राटदार नको. त्याच्या जागी मंडळ असावे आणि त्या मंडळावर मालक, रक्षक व शासन या तिघांचे प्रतिनिधी असावेत. रक्षकाने मंडळाकडे नोंदणी करावी, आस्थापनेनेही करावी. आस्थापनेने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी आणि त्यातून रक्षकाला वेतन, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा मिळावी. एक आस्थापना सुटली तरी रक्षकाचे नाव मंडळाच्या नोंदीत राहावे. हा कायदा प्रथम बृहन्मुंबई आणि ठाणे येथे लागू झाला आणि पुढे इतर जिल्ह्यांत गेला. नाशिकलाही सुरक्षा रक्षक मंडळ आहे.

मग नाशिकच्या तरुणाला मंडळाऐवजी एजन्सीच्या पायऱ्या का चढाव्या लागतात? याचे एक उत्तर त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. एजन्सीच्या रक्षकांना मिळणारे फायदे एकंदरीत कायद्यातील फायद्यांहून कमी नसतील, तर शासनाने सूट द्यावी, असे ते कलम म्हणते. कागदावर वावगे काहीच नाही. पण जेथे नेमणुकीचे पत्रच नाही, तेथे फायदे कमी की जास्त हे कोण तपासणार आणि कशावरून? ज्या दारातून चांगल्या मालकाने जावयाचे, त्याच दारातून कंत्राटदारांची रांग आत शिरली. दुसरे उत्तर अधिक कडू आहे. मंडळाचा रक्षक महाग पडतो अशी ओरड मालक करतात, आणि शासकीय व निमशासकीय कार्यालयेही त्यांच्या सुरात सूर मिसळून निविदा काढतात. सर्वांत कमी दराच्या निविदेतील ती 'कमी' रक्कम कोणाच्या घामातून वजा होते, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

बारा तासांचा हिशेब

आता जरा हिशेब करू. एक फाटक आठवड्याचे १६८ तास उघडे असते. एका कामगाराचा आठवडा ४८ तासांचा धरला, तर त्या एका फाटकाला साडेतीन माणसे लागतात. प्रत्यक्षात तेथे दोन माणसे बारा-बारा तास, सातही दिवस उभी असतात. म्हणजे दर फाटकामागे दीड माणसाची नोकरी गिळली गेली. त्या दोघांचेही काय? रोज बारा तास, महिना तीस दिवस म्हणजे ३६० तास. आठ तासांचे २६ दिवस म्हणजे २०८ तास. वरचे १५२ तास जादा. जादा तासांना दुप्पट दर हे तत्त्व आपल्या कायद्यात जुनेच आहे. त्या दराने महिन्याला ५१२ तासांची मजुरी देणे निघते. हातात किती पडते, ते ज्याने त्याने आपल्या फाटकावरच्या माणसाला विचारावे.

यावर ठरावीक उत्तरे तयार असतात. पहिले : "तो नुसता बसून तर असतो!" बसून असणाऱ्या माणसाची इतकी निकड का, की एक तासही फाटक रिकामे चालत नाही? रात्री आग लागली, वायू गळला, मशीनवर अपघात झाला, तर पहिली धाव त्याचीच असते. चोरी झाली तर पहिला संशयही त्याच्यावरच. दुसरे उत्तर : "बारा तास त्यालाच हवे असतात." आठ तासांच्या मजुरीत घर चालत नाही म्हणून जो चौथ्या तासाची भीक मागतो, त्याच्या नाइलाजाला संमती म्हणणे ही मालकवर्गाची जुनी लबाडी आहे. तिसरे : "एजन्सीवर बंधने आणली तर नोकऱ्या जातील." वरील हिशेब पुन्हा वाचावा. आठ तासांची पाळी खरोखर लागू झाली, तर दोनांच्या जागी साडेतीन लागतील. नोकऱ्या बारा तासांनी खाल्ल्या आहेत.

आणि रक्षण हे अडाणी, किरकोळ काम आहे हे म्हणणे तर नाशिककरांनी तरी ऐकून घेऊ नये. नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात नोटा छापल्या जातात. त्याच्या फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान असतो. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या दलात रीतसर भरती आहे, प्रशिक्षण आहे, वेतनश्रेणी आहे, नेमणुकीचा लेखी आदेश आहे. स्वतःच्या नोटा राखावयाच्या असल्या की राज्यकर्त्यांना हे काम कौशल्याचे वाटते. अंबडच्या कारखान्याच्या फाटकावर तेच काम कंत्राटाने उरकावयाचे झाले!

हा भेद आता कायद्याच्या भाषेतही शिरला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता लागू केल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने आस्थापनेच्या 'गाभ्याच्या' कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली; परंतु पहारा व सुरक्षा हे काम, आस्थापना त्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर, गाभ्याच्या बाहेर काढले. फाटक कारखान्याचे आणि माणूस बाहेरचा, यावर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. त्याच संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणुकीचे पत्र देण्याचे बंधन मात्र आहे. विरोधकाने दिलेले असले तरी ते हत्यार उचलण्यात संकोच कशाला?

रक्षकाच्या केबिनमध्ये जे सुरू झाले, ते तेथेच थांबेल अशा भ्रमात कायम कामगाराने राहू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करण्यास आणि तिमाहीतील जादा तासांची मर्यादा ११५ वरून १४४ करण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे आश्वासन सोबत आहे. संमती कशी घेतली जाते, हे त्या टेबलावर आपण पाहिलेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९१९ चा पहिलावहिला करार कामाच्या तासांविषयीचा होता. शंभर वर्षांनंतर आम्ही फाटकातूनच उलटे चालू लागलो आहोत.

आपल्या चळवळीचे काय?

मालकांविषयी इतके बोलल्यावर आपल्या घरातही पाहिले पाहिजे. संपाच्या दिवसांत काठी घेऊन समोर उभा राहणारा, पत्रके वाटणाऱ्याला हटकणारा, कोण कोणाशी बोलला हे वर सांगणारा, अशी रक्षकाची प्रतिमा संघटित कामगाराच्या मनात आहे. ती निराधार नाही. १८९२ साली अमेरिकेतील होमस्टेड येथे कार्नेगीच्या पोलाद कारखान्यातील कामगारांवर पिंकर्टन एजन्सीची सुमारे ३०० माणसे सशस्त्र चालून आली, हा इतिहास कामगारवर्ग विसरलेला नाही. पण त्या तीनशेंतही बेकारीने भरतीला ढकललेले पुष्कळ होते. मुंबईत तर १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची दारे बंद झाली, तेव्हा साचे चालविणारे किती तरी हात वॉचमनच्या काठीकडे वळले. ज्याला आपण मालकाचा माणूस म्हणतो, तो कालचा आपलाच सभासद असतो. त्याला मालकाचा माणूस म्हणावे, तर मालक त्याला आपला म्हणून पत्र द्यावयास तयार नाही. आणि आपण त्याला सभासद करून घ्यावयास तयार नाही. मग त्याने जावे कोठे?

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. प्रत्येक कारखान्यातील युनियनने आपल्या मागणीपत्रात फाटकावरच्या रक्षकांच्या आठ तासांच्या पाळीचे, साप्ताहिक सुटीचे आणि नेमणूकपत्राचे कलम घालावे. स्त्री रक्षक असतील तेथे स्वच्छतागृहाची आणि कपडे बदलण्याच्या खोलीची मागणी पहिल्या क्रमांकावर ठेवावी. आस्थापना मंडळाकडे नोंदलेली आहे काय, एजन्सीचा परवाना आणि सूट यांची कागदपत्रे काय सांगतात, याची लेखी विचारणा करावी. किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी यांसारख्या कामगार कायद्यांचा भंग केला तर एजन्सीचा परवाना रद्द होऊ शकतो, अशी तरतूद २००५ च्या कायद्यातच आहे. तिच्या आधारे तक्रारी दाखल कराव्यात. आणि वस्तीवस्तीतील आपल्या शाखेने अर्ज करावयास निघालेल्या मुलांना आधीच गाठावे. मूळ कागद कोणाच्या ताब्यात देऊ नका, कोऱ्यावर सही करू नका, पैसे भरून नोकरी घेऊ नका, हे त्यांना सांगावे. आणि शक्य तेथे दहा-दहा जणांना एकत्र पाठवावे. एकट्याने पत्र मागितले तर पॉइंट जातो. दहांनी मागितले तर एजन्सीला विचार करावा लागतो.

मुलाखतीत प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त टेबलापलीकडच्या माणसाचा, ही समजूत प्रथम मोडली पाहिजे. "माझा मालक कोण, पगार किती, तास किती, आणि हे लिहून देता काय?" हे प्रश्न नाशिकच्या प्रत्येक एजन्सीच्या टेबलावर रोज विचारले जातील, इतके काम या वर्षात आपल्याला करावयाचे आहे.