कपाटातली मुकी किटली

इटलीत ओमेन्याजवळच्या क्रुसिनालो येथे अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली अ‍ॅल्युमिनियमची अष्टकोनी किटली आणली. नाव मोका. खाली पाणी, मध्ये चाळणीत कॉफीची पूड. आचेवर वाफेचा दाब वाढला की पाणी पुडीतून वर चढते आणि वरच्या भांड्यात काळीभोर कॉफी जमते. उपाहारगृहातल्या अवजड यंत्राचे काम स्वयंपाकघरात होऊ लागले. युद्धानंतर चिरंजीव रेनातो यांनी जाहिरातींचा धडाका लावला. मिशीवाला चिमुकला माणूस किटलीवर विराजमान झाला. २०१६ साली रेनातो वारले, तेव्हा त्यांच्या अस्थीही मोठ्या मोकातच ठेवल्या गेल्या.

२०१० साली ओमेन्याचा कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. तिथल्या जुन्या किटल्या संग्राहकांनी जपल्या, हे त्यांचे ऋणच. पण कपाटात चकाकणारी किटली म्हणजे लॉकरमधला दागिना. शाबूत, पण मुका. मोका तर चार माणसांच्या घरासाठी जन्मली. तेव्हा संग्राहकांनो, आतून गंजलेली किटली खुशाल शोभेला ठेवा. धडधाकट असेल तिची रबरी चकती बदला, सुरक्षा-झडप तपासा आणि रविवारी तरी तिला शेगडीवर चढवा. नातवंडांना तिची गुरगुर ऐकू आली, तरच उद्या ती कुणी सांभाळील.