मेलसोबतची फाईल उघडण्याआधी

माणदेशात ई-सेवा केंद्र चालवणाऱ्या आणि पतसंस्थेत, सोसायटीत संगणकावर बसणाऱ्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे. तुमच्या एका संगणकात गावाचे सातबारे, आधारच्या प्रती, पासबुकं साठलेली असतात. गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात गेलेली माणसं आपले कागद तुमच्याच मेलवर पाठवतात. तिथं एक खोटी फाईल उघडली, तर झळ अनेक घरांना बसते.

आपल्याकडं कोण कशाला बघतंय, असं म्हणू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये नेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले. त्या चोरांनी आधी नोकरी मागणारा म्हणून मेल पाठवून बायोडाटा उघडायला लावला होता.

सध्या एक प्रकार फार फसवा आहे. ‘थकबाकी नोटीस’ अशा नावाची फाईल येते, शेवटी एचटीएमएल असतं. क्लिक केलं की हुबेहूब मेलच्या लॉगिनसारखं पान उघडतं, तुमचा मेल आयडीही आधीच भरलेला असतो. पासवर्ड टाकला की तो थेट चोराकडं जातो. मेल उघडलेलाच असताना कागद बघायला पुन्हा पासवर्ड मागितला, तर पान तिथंच बंद करा.

विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं. त्यामुळं ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ आजच चालू करा. वर्डची फाईल ‘एनेबल कंटेंट’ दाबा म्हणाली, तर दाबू नका. पासवर्ड घातलेली झिप फाईल मेलच्या तपासणीला आतून बघता येत नाही, तेव्हा पाठवणाऱ्याला फोन लावूनच ती उघडा. फोन मात्र तुमच्याकडं आधीपासून असलेल्या नंबरवर करा, मेलमध्ये दिलेल्या नव्हे.

प्रिंट काढायला येणाऱ्या आयाबहिणींनो, काम झालं की आपली फाईल डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधूनही समोर पुसून घ्या, मेल लॉगआउट करा. यात संकोच कसला?

आणि चुकून उघडलीच, तर लपवू नका. नेट तोडा, दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदला, वरिष्ठांना सांगा. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत तक्रार पोचली, तर ते गोठवता येतात.