स्तुतीचे मोल

विक्रेत्याने आपल्या मालाची स्तुती करावी, यात नवल नाही. आंबेवाला आपले आंबे गोडच आहेत असे सांगणार, आणि शहाणे गिऱ्हाईक त्यातून थोडे वजा करूनच ते ऐकणार. परंतु शेजारी उभे असलेले दुसरे गिऱ्हाईक तेच म्हणाले, तर त्यावर विश्वास चटकन बसतो. कारण त्याचा त्यात काही स्वार्थ नाही, असे ऐकणारा गृहीत धरतो. पण ते गिऱ्हाईक आंबेवाल्यानेच पैसे देऊन उभे केलेले असेल तर?

अमेरिकेत असेच एक प्रकरण गाजले. २०१४ साली वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने 'शॅडो ऑफ मॉर्डोर' हा व्हिडिओ गेम बाजारात आणला. तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपानुसार, यूट्यूबवरील लोकप्रिय खेळाडूंना हा खेळ विनामूल्य देण्यात आला, शिवाय शेकडो ते हजारो डॉलर मोबदलाही मिळाला. खेळाविषयी चांगलेच बोलावे, त्यातील दोष दाखवू नयेत, अशी अट होती. मोबदल्याचा उल्लेख चित्रफितीत स्पष्ट नव्हता. या चित्रफिती ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या. २०१६ साली कंपनीने तडजोड केली व पुढे असे संबंध उघड करण्याचे मान्य केले.

वस्तुतः हा खेळ अनेक समीक्षकांनाही आवडला होता. मग बिघडले कोठे? ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे जगाला ठाऊकच आहे. श्रमाचा मोबदला घेणे हा दोष नव्हे. पोळी लपवून टाळी वाजवणे हा दोष होय. मोबदला लपवला, की ऐकणाऱ्याला त्या स्तुतीतून किती वजा करावे हेच कळत नाही. त्याचे पैसे तर जातातच. परंतु त्याहून मोठी हानी विश्वासाची होते. एकदा फसलेला मनुष्य पुढे प्रामाणिक माणसाच्या शब्दावरही संशय घेऊ लागतो.

भारतातही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, जाहिरात करणाऱ्याने विक्रेत्याशी असलेला आपला आर्थिक संबंध उघड करणे बंधनकारक आहे. तथापि कायदा प्रत्येक पडद्याशेजारी पहारा देऊ शकत नाही. तो पहारा ग्राहकाच्या विवेकानेच द्यावयास हवा. प्रत्येकाला लबाड समजणे हा विवेक नव्हे. स्तुती ऐकावी, दोषही शोधावेत, आणि पैशाला हात घालण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा : या स्तुतीचे मोल कोणी दिले?