मुर्रीत बर्फ

या आठवड्यात आमच्या मुर्रीत बर्फ पडला. शेजारचा सातवीतला पोरगा मोबाइल नाचवत सांगत आला, "काकाजी, आपल्या गावात बर्फ पडते म्हन्ते हा!" 'हा' म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. शाळेने 'माझे गाव' लिहून आणायला सांगितलं, पोराने ते काम त्याच्यावर ढकललं. त्याने देवदाराची झाडं लावली, पर्यटकांची गर्दी जमवली, इंग्रजांच्या काळातलं चर्चही बांधलं. धानाची एक बांधी काही कुठे दिसली नाही.

झालं ते एवढंच. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ मरी नावाचं थंड हवेचं ठिकाण आहे. रोमन लिपीत त्याचं आणि आमचं स्पेलिंग जवळपास सारखं. ही यंत्रं आजवर वाचलेल्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधत वाक्यं रचतात. त्या मरीवर ढीगभर लिहिलेलं आहे. आमच्या मुर्रीवर कोण लिहिणार? मी लिहितो, ते रद्दीत जातं.

चुकलं याचा राग नाही. ज्या थाटात चुकलं त्याचा आहे. आम्ही ज्या कॉम्प्युटरवर शिकलो तो उद्धट होता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की काळ्या पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम' असं तोंडावर फेकायचा. फ्लॉपी खराब निघाली तर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' विचारून गप्प बसायचा. पण कळलं नाही तर कळलं नाही म्हणायचा. आताचा 'किती छान प्रश्न विचारलात' म्हणतो आणि खुशाल बर्फ पाडतो.

मराठीचंही तेच. माझे जुने वाचक जाणतात, हे सदर बरीच वर्षं कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप होत असे. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तिथे 'मराठी' या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं उमटायची. लेखाचा पार चिवडा. पण चिवडा आहे हे आंधळ्यालाही दिसायचं, लगेच फोन यायचा. आता युनिकोड आलं, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक, विरामचिन्हं जागेवर, आणि आत देवदार. अशा मजकुराबद्दल फोन कोण करणार?

यंत्र गोड बोललं की माणूस विरघळतो, हेही जुनंच आहे. 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम जगापुढे मांडला. आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बाकी अक्कल शून्य. तरी त्यांच्याच सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढे साहेबांनी उरलेलं आयुष्य लोकांना सावध करण्यात घालवलं. ऐकलं किती जणांनी, ते दिसतंच आहे.

कॉम्प्युटरच्या खोलीवरून आठवलं. आमचा गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला 1999 मध्ये. त्याच्या आधीची गोष्ट. क्लासच्या दारात चपला काढाव्या लागत. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे, कॉम्प्युटरवर प्लॅस्टिकचं आवरण. सत्यनारायणाला बसल्यासारखे आम्ही बसायचो. सर दर बॅचला सांगत, अमेरिकेने आपल्याला महासंगणक नाकारला, मग पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' उभा केला, आणि त्यामागचे विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. हे ऐकताना छाती फुगायची. मग सर फी मागत.

पुढे एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं म्हटल्यावर सरांकडे रांगा लागल्या. एसी बंद पडला तो कुणी दुरुस्त केला नाही, चपला आत आल्या, पडदे गेले. माउस धरायला घाबरणाऱ्या कितीतरी बाया तिथून शिकून निघाल्या. त्या सरांबद्दल मला आदरच आहे.

परवा त्यांच्या दारावर नवा बॅनर दिसला: एआय कोर्स, प्रवेश सुरू. आत शिरून विचारलं, "सर, यात शिकवता काय?"

"प्रश्न कसा विचारायचा ते."

"आणि उत्तर बरोबर आहे का ते कसं ओळखायचं?"

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, "त्याचा सिलॅबस अजून आला नाही, भाऊ."