बंदी आधी, चौकशी मागाहून?

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाच्या पदाधिकाऱ्यांना,



2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, महेंद्र गायकवाडने शिवीगाळ केली. दोघांवर तुम्ही लगोलग तीन वर्षांची बंदी घातलीत. त्या लाथेची बाजू शिरूर-दौंडच्या कुठल्याच तालमीत कुणी घेणार नाही. इथलं पोरगं आखाड्यात उतरताना आधी माती कपाळाला लावतं, वस्तादांच्या पाया पडतं. पण मागाहून चौकशी झाली आणि शिवराजच्या कुस्तीच्या पंचांनाही तुम्ही तीन वर्षं निलंबित केलंत. म्हणजे 'मला चीतपट ठरवलं, पण दोन्ही खांदे टेकलेच नव्हते' ही शिवराजची तक्रार ऐकण्याजोगी होती. ती तपासायच्या आतच शिक्षा होऊन गेली होती.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात कायम कामगाराने साहेबावर हात उगारला, तर त्यालाही तडकाफडकी निलंबित करतात. पण पुढे आरोपपत्र येतं, खुलासा मागतात, चौकशी बसते. कामगार सोबत आपला प्रतिनिधी नेतो, साक्षीदारांची उलटतपासणी घेतो. तोवर पहिले 90 दिवस अर्धा पगार मिळतो. 1946 च्या स्थायी आदेश कायद्यापासून मालकाच्या मनमानीला असा लगाम बसत आला. पैलवानाला यातलं काय मिळतं? बंदीच्या काळातही खुराक चालूच ठेवावा लागतो. दूध, तूप, बदामाचा खर्च बाप उसाच्या बिलातून भागवतो. आणि उमेदीची तीन वर्षं गेली ती गेलीच.

खेळाडूलाही अशी सुनावणी मिळू शकते. अमेरिकेत 1997 मध्ये लॅट्रेल स्प्रीवेल या बास्केटबॉलपटूने सरावात प्रशिक्षकाचा गळा धरला. त्याच्या संघाने त्याचा करार मोडला, लीगने वर्षभरासाठी बाहेर काढलं. पण खेळाडूंच्या संघटनेचा लीगशी सामूहिक करार होता, म्हणून प्रकरण त्रयस्थ लवादाकडे गेलं. 1998 मध्ये लवादाने करार पुन्हा लागू केला आणि बंदी त्या हंगामापुरती ठेवली. तरी 68 सामन्यांना त्याला मुकावं लागलंच.

म्हणून माझी मागणी अशी: तातडीची बंदी हवी तर 30 दिवसांची घाला. त्या मुदतीत लेखी आरोप आणि कुस्तीची चित्रफीत पैलवानाच्या हाती द्या, त्याचं म्हणणं ऐका, मगच शिक्षा ठरवा. अपील संघाबाहेरच्या निवृत्त न्यायाधीशांपुढे चालू द्या. पंचांनाही हाच हक्क असावा. पैलवानांचे प्रतिनिधी सोबत बसवून हे नियम लिहा आणि पुढच्या निवड चाचणीआधी प्रत्येक तालमीत पोचवा.

आपला,
शिरूरचा एक कुस्तीशौकीन